सारायेव्हो : युरोपातलं अजानचं शहर, काय पाहावं आणि कसं पाहावं

युरोपातील इस्लामी वारसा म्हटला की आपल्या घरांत पहिलं नाव निघतं ते कुर्तुबा आणि गरनाताचं. सहलीचा बेतही बहुधा स्पेनचाच होतो. पण तिथे गेल्यावर अनेकांच्या मनात एक हुरहुर राहते. कुर्तुबाची जगप्रसिद्ध मस्जिद १२३६ पासून कॅथेड्रल आहे आणि तिथे नमाज पढायला परवानगी नाही. अल्हम्ब्रा डोळ्यांचं पारणं फेडतो, पण तो राहता वाडा नाही, ते एक स्मारक आहे.

युरोपात असंही एक शहर आहे जिथे साडेपाच शतकांपूर्वी पहिली अजान झाली आणि आजही पाच वक्त होते. तिथे मस्जिद बांधणाऱ्याच्या वक्फमधून सुरू झालेला मदरसा आजही मुलांना शिकवतो. हे शहर म्हणजे बोस्निया आणि हर्झेगोव्हिना या देशाची राजधानी सारायेव्हो. आपल्याकडे हे नाव बहुतेकांनी दोनच कारणांनी ऐकलेलं असतं, पहिलं महायुद्ध आणि नव्वदच्या दशकातला वेढा. दोन्ही खरं आहे, पण शहर तेवढ्यावर संपत नाही. कुटुंबासोबत जायचं ठरवलं तर काय पाहावं, त्यामागचा इतिहास काय आणि कोणत्या गोष्टींची काळजी घ्यावी, ते आपण समजून घेऊ.

शहराची ओळख

सारायेव्हो डोंगरांच्या कुशीत, मिल्यात्स्का नावाच्या छोट्या नदीकाठी वसलेलं आहे. उस्मानी सल्तनतीचा सुभेदार ईसा बेग इसाकोविच याने पंधराव्या शतकाच्या मध्यात इथे मस्जिद, पूल, हमाम, सराय आणि स्वतःचा वाडा बांधला. त्याच वाड्यावरून, म्हणजे 'सराय'वरून, शहराला नाव पडलं. त्याने बांधलेली पहिली मस्जिद सुलतान मुहम्मद फातिह यांच्या नावे केली होती. म्हणून तिला आजही 'बादशाही मस्जिद' या अर्थाने 'त्सारेवा जामिया' म्हणतात. आजची इमारत सोळाव्या शतकातली आहे आणि ती नदीच्या दक्षिण काठावर पाहायला मिळते.

१८७८ मध्ये शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेलं. त्यामुळे इथे एक गंमत पाहायला मिळते. जुन्या बाजारातून फेरहादिया रस्त्याने पश्चिमेकडे चालत गेलो की एका जागी जमिनीवर रेषा आखलेली दिसते. तिच्या एका बाजूला कौलारू बुटकी दुकानं, मिनार आणि दगडी गल्ल्या, तर दुसऱ्या बाजूला व्हिएन्नासारख्या उंच, नक्षीदार इमारती. चार पावलांत इस्तंबूल सोडून व्हिएन्नात आल्यासारखं वाटतं. मुलांना इतिहास समजावायला यापेक्षा सोपी जागा नाही.

बाश्चार्शिया : जुना बाजार

फिरायला सुरुवात करावी ती बाश्चार्शियापासून. 'बाश' म्हणजे मुख्य आणि 'चार्शिया' म्हणजे बाजार. चौकात 'सेबिल' नावाची लाकडी पाणपोई आहे. हा शब्द आपल्या 'सबील'चाच. मूळ सेबिल १७५३ मध्ये बांधली गेली, आजची त्यानंतर नव्याने उभारलेली आहे. इथलं पाणी प्यालेला माणूस पुन्हा सारायेव्होला येतो, असं गावकरी सांगतात. चौकात कबुतरांचे थवे असतात, लहान मुलं तिथून हलत नाहीत.

बाजारातल्या गल्ल्यांना तिथल्या कारागिरांच्या धंद्यावरून नावं आहेत. कझांजिलुक ही तांबटांची गल्ली. पुण्यात तांबट आळी पाहिली असेल तर हा ठोक्यांचा आवाज ओळखीचा वाटेल. कॉफीची भांडी, ताटं, सुरया अजूनही हाताने घडवल्या जातात. काही दुकानांत युद्धातल्या काडतुसांच्या आणि तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून केलेले पेन आणि फुलदाण्या विकायला असतात. घ्यायच्या की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण त्या कुठून आल्या हे मुलांना जरूर सांगावं.

बाजारात भाषेकडेही कान द्या. बोस्नियन भाषा मुळात स्लाव्ह कुळातली, पण तिच्यात तुर्की, अरबी आणि फारसी शब्दांची रेलचेल आहे. दुकानाला ते 'दुचान' म्हणतात, मोहल्ल्याला 'महाला', साबणाला 'सापुन', साखरेला 'शेचेर', तोफेला 'तोप'. मराठीत आणि बोस्नियनमध्ये हे शब्द वेगवेगळ्या वाटेने आले, पण ऐकताना आपण लांब आलोय असं वाटत नाही.

गाझी हुस्रेव बेग यांची मस्जिद आणि एका वक्फची गोष्ट

शहरातली सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे गाझी हुस्रेव बेग मस्जिद. ती १५३० ते १५३१ च्या सुमारास पूर्ण झाली. हुस्रेव बेग हे बोस्नियाचे सुभेदार आणि सुलतान बायझीद दुसरे यांचे नातू, म्हणजे मुलीचे पुत्र. मस्जिदीच्या अंगणात वुजूसाठी सुंदर कारंजं आहे. आत उंच घुमट, रंगीत नक्षी आणि शांतता. बाजूलाच हुस्रेव बेग यांची कबर आहे.

पण या मस्जिदीचं खरं वैशिष्ट्य तिच्या भोवती आहे. हुस्रेव बेग यांनी नुसती मस्जिद बांधून थांबायचं ठरवलं नाही. त्यांनी मदरसा, गरिबांसाठी लंगरखाना आणि मुसाफिरांची सोय केली. हे सगळं चालत राहावं म्हणून दुकानं आणि जमिनी वक्फ केल्या. दगडी छताचा 'बेझिस्तान' नावाचा बाजार आणि 'मोरिचा हान' ही जुनी सराय त्यांच्याच वक्फच्या मिळकती. मदरसा १५३७ चा. वक्फनाम्यात असं लिहून ठेवलं होतं की, बांधकामातून जी रक्कम उरेल तिच्यातून चांगली पुस्तकं विकत घ्यावीत. त्या एका ओळीतून आजचं गाझी हुस्रेव बेग ग्रंथालय उभं राहिलं. त्यात अरबी, तुर्की, फारसी आणि बोस्नियन भाषेतली हजारो हस्तलिखितं आहेत. युद्धाच्या काळात ग्रंथपाल आणि कर्मचाऱ्यांनी ही हस्तलिखितं खोक्यांत भरून, गोळीबार चालू असताना, पुन्हा पुन्हा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवली आणि वाचवली. ग्रंथालयाची नवी इमारत २०१४ मध्ये कतारच्या मदतीने उभी राहिली.

वक्फ म्हणजे काय, तो का करायचा आणि नीट सांभाळला तर पाचशे वर्षं कसा टिकतो, हे मुलांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा इथे उभं राहून सांगता येतं.

शेजारचा घड्याळ-मनोराही चुकवू नका. 'साहत-कुला' नावाच्या या मनोऱ्यावरचं घड्याळ आपल्या मनगटी घड्याळाशी जुळत नाही. ते बिघडलेलं नाही! ते सूर्यास्ताच्या हिशोबाने चालतं. मगरिबच्या वेळी त्यात बारा वाजतात आणि तिथून नवा दिवस मोजायला सुरुवात होते. सूर्यास्त रोज थोडा मागेपुढे होतो, म्हणून ते अधूनमधून हाताने जुळवावं लागतं आणि त्यासाठी माणूस नेमलेला असतो. इस्लामी दिवस मगरिबला सुरू होतो हे आपण मुलांना सांगतो, इथे ते भिंतीवर दिसतं.

वाचनालय, पूल आणि एक हट्टी माणूस

बाजारातून नदीकडे गेलो की 'व्हियेचनित्सा' ही भव्य इमारत दिसते. १८९६ मध्ये सुरू झालेली ही नगरपालिकेची इमारत ऑस्ट्रियन राजवटीने बांधली, पण कमानी आणि नक्षी कैरोच्या जुन्या वास्तूंवरून घेतली. पुढे तिथे राष्ट्रीय ग्रंथालय आलं. २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री तोफगोळ्यांनी तिला आग लावली. लाखो पुस्तकं जळाली. जळक्या कागदांची राख शहरावर पडत राहिली. गोळ्या चालू असतानाही लोक साखळी करून हाताला येतील ती पुस्तकं बाहेर काढत होते. इमारत दुरुस्त होऊन २०१४ मध्ये पुन्हा उघडली. आत जाऊन रंगीत काचेचं छत जरूर पाहावं.

समोर, नदीपलीकडे 'इनात कुचा' नावाचं छोटं घर आहे, आता तिथे खानावळ चालते. 'इनात' म्हणजे हट्ट. उर्दूतल्या 'इनाद'चा हा भाऊ. नगरपालिकेच्या जागेत एका म्हाताऱ्याचं घर येत होतं. तो म्हणाला, सोन्याच्या नाण्यांची थैली द्या आणि माझं घर वीट न् वीट उचलून पलीकडे बांधून द्या. शेवटी सरकारला तसंच करावं लागलं, असं सांगतात. बोस्नियातली माणसं स्वतःच्या स्वभावाबद्दल बोलताना हाच शब्द वापरतात.

इथून थोडंसं चाललं की लॅटिन पूल. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांचा इथेच गाव्हरिलो प्रिन्सिपच्या गोळ्यांनी मृत्यू झाला. महिन्याभरात पहिलं महायुद्ध पेटलं. त्या युद्धात हिंदुस्थानचेही दहा लाखांहून अधिक लोक समुद्रापार गेले होते, त्यात आपल्या मराठी मुलखातले कितीतरी जवान होते. कोपऱ्यावर छोटं संग्रहालय आहे.

चार इबादतगाहं, काही पावलांवर

जुन्या शहरात मस्जिद, ऑर्थोडॉक्स चर्च, कॅथलिक कॅथेड्रल आणि यहुदी सिनेगॉग एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी सोळाव्या शतकात उस्मानी राजवटीत इथे येऊन स्थिरावले. जुन्या सिनेगॉगमध्ये आता त्यांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे.

या सहजीवनाचा सर्वांत मोठा पुरावा राष्ट्रीय संग्रहालयात आहे. स्पेनमध्ये चौदाव्या शतकात तयार झालेलं 'सारायेव्हो हगादा' हे यहुदींचं सचित्र हस्तलिखित. दुसऱ्या महायुद्धात नाझी अधिकारी ते मागायला आले, तेव्हा संग्रहालयाचे मुस्लिम ग्रंथपाल देर्विश कोरकुत यांनी ते लपवलं आणि वाचवलं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एका यहुदी मुलीलाही घरात आसरा दिला होता. १९९२ मध्ये संग्रहालय गोळीबारात सापडलं तेव्हा हे पुस्तक पुन्हा एकदा बाहेर काढून सुरक्षित ठेवण्यात आलं. ते ठराविक वेळीच पाहायला मिळतं, म्हणून आधी चौकशी करून जावं.

घरगुती आयुष्य पाहायचं असेल तर अठराव्या शतकातलं 'स्व्हर्झो' घराण्याचं घर पाहा. पाहुण्यांसाठी पुढचा भाग, कुटुंबासाठी आतला भाग, मध्ये अंगण, भिंतीतली कपाटं. कोकणातल्या जुन्या घरात वाढलेल्या बायकांना यात बरंच ओळखीचं सापडेल.

वेढ्याच्या खुणा

५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६, म्हणजे १,४२५ दिवस सारायेव्होला वेढा पडला होता. भोवतालच्या डोंगरांवरून सर्ब सैन्य तोफा आणि बंदुका चालवत होतं. पाणी, वीज आणि अन्न तोडलं होतं. वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा, २०१२ मध्ये, मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. एका मृतामागे एक खुर्ची. मुलांच्या खुर्च्या लहान होत्या.

रस्त्यावर चालताना कुठे कुठे फुलासारखी लाल खूण दिसेल. तोफगोळ्याने पडलेला खड्डा लाल रंगाने भरलेला असतो, त्याला 'सारायेव्होचा गुलाब' म्हणतात. त्यावर पाय न देता बाजूने जावं. मार्काले बाजारात ५ फेब्रुवारी १९९४ रोजी एका गोळ्याने ६८ जणांचा जीव घेतला. तिथे आजही भाजी विकली जाते आणि मागच्या भिंतीवर मृतांची नावं आहेत.

विमानतळाजवळचा बोगदा पाहण्यासाठी अर्धा दिवस काढा. १९९३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटरचा हा बोगदा लोकांनी खणला. उंची इतकी कमी की मोठ्या माणसाला वाकूनच जावं लागे. अन्न, औषधं, जखमी माणसं सगळी ये-जा यातूनच होई. आज त्याचा छोटासा तुकडाच खुला आहे, पण तेवढा पुरेसा आहे.

मुलं सोबत असतील तर २०१७ मध्ये उघडलेलं 'युद्धातलं बालपण' संग्रहालय पाहावं. वेढ्यात लहानपण गेलेल्यांनी आपली खेळणी, वह्या आणि कपडे तिथे दिलेत, प्रत्येक वस्तूशेजारी तिची छोटी हकीकत आहे. भीषण चित्रं न दाखवता युद्ध म्हणजे काय ते मुलांना कळतं. कॅथेड्रलजवळ स्रेब्रेनित्साविषयीचं दालनही आहे. जुलै १९९५ मध्ये तिथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक मुस्लिम पुरुष आणि मुलांची कत्तल झाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी तिला नरसंहार ठरवलं आहे. हे दालन लहान मुलांसाठी नाही, मोठ्यांनी आळीपाळीने पाहावं.

कोवाची कब्रस्तानात शहिदांच्या पांढऱ्या कबरींच्या रांगा आहेत. स्वतंत्र बोस्नियाचे पहिले अध्यक्ष अलिया इझ्झतबेगोविच इथेच दफन आहेत. फातिहा पढा, दुआ करा आणि कबरींजवळ सेल्फी काढण्याचा मोह टाळा. बाजूला उभ्या असलेल्या बाईचा मुलगा तिथे झोपलेला असू शकतो.

डोंगर, झरे आणि मोकळी हवा

कोवाचीवरून चढ चढून गेलो की 'पिवळी तटबंदी' म्हणजे झुता ताबिया. सूर्यास्ताला संपूर्ण शहर इथून दिसतं आणि एकामागोमाग मिनारांवरून मगरिबची अजान ऐकू येते. रमजानमध्ये इफ्तारची तोफ इथूनच डागतात, शेकडो कुटुंबं खाणं घेऊन गवतावर बसलेली असतात.

त्रेबेविच डोंगरावर जाणारा रोपवे युद्धात नष्ट झाला होता, तो ६ एप्रिल २०१८ रोजी पुन्हा सुरू झाला. वर १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी बांधलेली बर्फगाडीची काँक्रीटची वळणदार वाट आहे, आता तिच्यावर रंगीत चित्रं काढलेली आहेत. एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. बोस्नियाच्या डोंगराळ भागांत अजूनही भूसुरुंग आहेत. ठरलेली पायवाट सोडून जंगलात शिरू नका, मुलांना मोकळं सोडू नका आणि कवटीचं चिन्ह असलेली पाटी दिसली की मागे फिरा.

निवांत दिवस हवा असेल तर इलिजाजवळचं व्रेलो बोस्ने, म्हणजे बोस्ना नदीचा उगम. मोठ्या झाडांच्या सरळ रस्त्यावरून घोडागाडीत बसून जाता येतं. वृद्ध आई-वडील सोबत असतील तर त्यांना हीच जागा सर्वांत आवडेल.

खाणं आणि हलाल

चेवापी म्हणजे बीफ किंवा बकऱ्याच्या खिम्याच्या छोट्या कबाबसारख्या कांड्या. त्या 'सोमुन' नावाच्या मऊ रोटीत, चिरलेल्या कांद्यासोबत देतात. बुरेक म्हणजे पातळ पापुद्र्यात खिमा घालून केलेला पाय. इथे खिम्याच्याच पायला बुरेक म्हणतात, पालकाच्याला झेल्यानित्सा आणि चीजच्याला सिर्नित्सा, तेव्हा मागताना नीट नाव घ्या. मसाला आपल्या मानाने अगदी कमी. तिखट लागत असेल तर घरून चटणी न्या!

बोस्नियन कॉफी तांब्याच्या 'जेझ्वा'त येते, सोबत साखरेचा खडा आणि लोकुम. घाईने प्यायची नसते.

एक गैरसमज दूर करायला हवा. मुस्लिमबहुल शहर म्हणजे सगळीकडे हलाल, असं नाही. अनेक हॉटेलांत दारू मिळते, काही ठिकाणी डुकराचं मांसही असतं. जुन्या बाजारातल्या बऱ्याच चेवापीच्या दुकानांत आणि खानावळींत दारू ठेवत नाहीत. तरी हलाल प्रमाणपत्राची पाटी पाहावी किंवा सरळ विचारावं. तिथे कुणी राग मानत नाही.

निघण्यापूर्वी

भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे जाणं सोयीचं पडतं. आखातातल्या काही शहरांतूनही थेट विमानं आहेत, त्यामुळे दुबईत नोकरीला असलेल्या कोकणी कुटुंबांना हा प्रवास आणखी सोपा. बोस्निया युरोपीय संघात आणि शेंगेन क्षेत्रात नाही. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या बोस्नियाच्या दूतावासाकडून खात्री करा. चलन 'मार्क', एका युरोला सुमारे १.९५ मार्क.

उन्हाळ्यात दिवस फार मोठा असतो, जूनमध्ये ईशा रात्री दहानंतर. हिवाळ्यात सव्वाचारच्या आसपासच मगरिब होते आणि बर्फ पडतो. नमाजच्या वेळा रोज पाहून फिरण्याचा बेत आखा. बहुतांश लोक हनफी आहेत. मस्जिदींत महिलांसाठी जागा असते आणि बायका, मुली सर्रास नमाजला येतात. आपल्याकडे अनेक गावांत ही सोय नाही, त्यामुळे घरातल्या बायकांना याचं खास अप्रूप वाटेल. गाझी हुस्रेव बेग मस्जिदीत नुसतं पाहायला जाणाऱ्यांना तिकीट असतं आणि नमाजच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. नमाजला येणाऱ्याला तिकीट नाही.

शहरासाठी तीन दिवस ठेवा. चौथा दिवस असेल तर मोस्तार पाहा. १५६६ मध्ये मिमार हैरुद्दीन यांनी बांधलेला तिथला कमानीचा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांनी पाडला गेला आणि २००४ मध्ये जुन्याच पद्धतीने पुन्हा उभा राहिला. सारायेव्होहून मोस्तारला जाणारी रेल्वे डोंगरांतून, नदीच्या काठाने जाते, प्रवासच पाहण्यासारखा आहे.

या शहरात जे जे पाहाल, ते बहुतेक एकदा तरी जळालेलं, पडलेलं किंवा लपवून ठेवलेलं आहे. कुणीतरी ते उचललं, जपलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं, म्हणून ते आपल्याला दिसतंय. मुलांना घेऊन जाणार असाल तर प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायला शिकवा : हे कुणी वाचवलं? उत्तर बहुतेक वेळा एखादा ग्रंथपाल, एखादा शेजारी किंवा साधा कारागीर असेल. आणि घरी परतल्यावर आपल्या गावातल्या जुन्या मस्जिदीतली, दर्ग्यातली, घरातल्या पेटीतली कागदपत्रं कुणी जपतंय का, हे एकदा पाहून घ्या.